चोराच्या अलार्मला धुराची जोड

दिवाळीची सुट्टी लागली की मुंबई-पुण्यातल्या कितीतरी फ्लॅटना कुलपे लागतात. चोरीच्या धास्तीने अनेकांनी दाराला चुंबकाचा सेन्सर, हॉलमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर आणि बाहेर सायरन असा बंदोबस्त करून घेतलेला असतो. याच पॅनेलला स्मोक डिटेक्टर जोडता येतो. बसवायला येणारा माणूसही ‘एक झोन मोकळा आहे, लावून टाकू’ असे सांगतो. माझ्या मते तो जरूर जोडावा, पण आणखी एक सेन्सर म्हणून नव्हे. चोराचा अलार्म आपण बाहेर पडताना चालू करतो आणि घरी आल्यावर बंद करतो. धुराच्या अलार्मला बंद अवस्था असून चालत नाही, कारण आगीचा सर्वाधिक धोका आपण घरात झोपलेले असतानाच असतो. दोघांना एका पॅनेलमध्ये नांदवायचे असेल, तर ते पॅनेल धुराच्या अटींवर चालले पाहिजे.

‘धूर झाला तर वासाने जाग येईलच की’ हा समज फार पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकेडन आणि रेचेल हर्झ यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपलेल्या माणसांना पेपरमिंटचा आणि पिरिडीन या उग्र दर्पाच्या रसायनाचा वास देऊन पाहिला. गाढ झोपेत वासाने जाग आली नाही. आवाजाने मात्र येत होती. नाक झोपते, कान जागे राहतात. दुसरा आक्षेप असा की आपल्या इमारती आरसीसीच्या, त्या जळणार कशा? भिंती जळत नाहीत हे खरे, पण फोमच्या गाद्या, सोफे, पडदे आणि प्लास्टिक जळते. त्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ज्वाळा पोहोचण्याआधीच माणसाला बेशुद्ध करतो. अमेरिकेत घरांतल्या आगींत होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीन-पंचमांश मृत्यू स्मोक अलार्म नसलेल्या किंवा तो बंद पडलेल्या घरांत होतात, असे तिथली अग्निसुरक्षा संघटना एनएफपीए सांगते.

मग छताला चिकटवायचा बॅटरीवरचा साधा अलार्म पुरेसा नाही का? माणसे घरात असतील तर तो मोलाचाच आहे. बंद घरात मात्र तो रिकाम्या खोल्यांना ऐकवत राहतो. भरकटलेले रॉकेट बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर पडले, तर शेजाऱ्यांना कळेपर्यंत पडदे पेटलेले असतात. पॅनेलशी जोडलेला डिटेक्टर ही वर्दी घराबाहेर पोहोचवतो. वाय-फायवरचे स्मार्ट डिटेक्टरही तेच करतात, पण शॉर्ट सर्किटने मेन ट्रिप झाला की राउटर बंद पडतो आणि मोबाइलवर काहीच येत नाही. चांगल्या पॅनेलमध्ये स्वतःची 12 व्होल्टची बॅटरी आणि सिमकार्ड असते. अमेरिकेच्या एनएफपीए 72 या संहितेत घरगुती आग-यंत्रणेची बॅटरी 24 तास तग धरून त्यानंतर चार मिनिटे सायरन वाजवू शकली पाहिजे, अशी अट आहे. आपल्याकडे बसवतानाही हाच हिशेब धरावा.

खरी मेख वायरिंगमध्ये आहे. दाराच्या सेन्सरचे सर्किट सहसा बंद वर्तुळासारखे असते. दार उघडले की सर्किट तुटते आणि सायरन वाजतो. धुराच्या झोनचे तर्कशास्त्र उलटे आहे. पॅनेलमधून निघालेल्या दोन तारा एका डिटेक्टरकडून दुसऱ्याकडे जात शेवटच्या डिटेक्टरपर्यंत पोहोचतात आणि तिथे एक छोटा रेझिस्टर लावलेला असतो. त्यातून अगदी थोडा प्रवाह सतत वाहत असतो. धूर आला की डिटेक्टर या दोन तारा आतून जोडतो, प्रवाह वाढतो आणि पॅनेल ‘आग’ म्हणते. तार कुठे तुटली तर प्रवाह थांबतो आणि पॅनेल ‘बिघाड’ म्हणून टिकटिक करते. आता हाच रेझिस्टर बसवणाऱ्याने सोयीसाठी पॅनेलच्या पेटीतच लावला, तर पुढे फर्निचरवाल्याच्या ड्रिलने तार तुटली तरी पॅनेलला सारे आलबेल दिसते. मधूनच फांदी काढून डिटेक्टर जोडला, तर त्या फांदीचीही हीच गत. चार तारांच्या डिटेक्टरला वीज वेगळ्या जोडीतून मिळते. तीच तुटली तर तो मुका होतो आणि झोन मात्र ठीक दिसतो, म्हणून शेवटच्या डिटेक्टरपाशी त्या विजेवर नजर ठेवणारा रिले लागतो. हा झोन प्रोग्रॅमिंगमध्ये ‘24 तास, आग’ असाच नोंदवलेला हवा. दार उघडल्यावर कोड टाकण्यासाठी आपल्याला जी काही सेकंदांची सवलत मिळते, ती धुराला मिळता कामा नये.

आवाजाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. रात्री सायरन झाला आणि तो चोराचा समजला, तर माणूस दार आतून लावून घेतो. आगीत बाहेर पडायचे असते. म्हणून आगीचा आवाज वेगळाच हवा: अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तीन ठोके, मग दीड सेकंद शांतता, आणि पुन्हा तेच. ही लय आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहे. दोन्ही अलार्म एकदम आले तर आगीचा वर राहिला पाहिजे. फोनवर जाणारे रेकॉर्ड केलेले संदेशही दोन वेगळे असावेत, कारण चोर असेल तर शेजाऱ्याने आत जायचे नसते, आणि धूर असेल तर त्याने आधी 101 ला फोन करायचा असतो. बहुतेक घरांत पहिला नंबर घरमालकाचा असतो. तो कोकणात गावी असेल, तर रेंजचाच भरवसा नाही. पहिला नंबर सोसायटीच्या वॉचमन केबिनचा आणि दुसरा खालच्या-वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा असावा.

फोडणीने आणि धुपाने सारखा सायरन होईल, ही तक्रार रास्त आहे, आणि असा सायरन झाला की लोक डिटेक्टरच काढून ठेवतात. यावर उपाय जागेच्या निवडीत आहे. स्वयंपाकघरात धुराचा नव्हे, उष्णतेचा डिटेक्टर लावावा. झोपण्याच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये प्रकाशकिरणावर चालणारा फोटोइलेक्ट्रिक डिटेक्टर घ्यावा. धुमसत्या गादीचा धूर तो आयनीकरणाच्या डिटेक्टरपेक्षा लवकर पकडतो आणि तव्याच्या धुराला कमी फसतो. देवघराच्या अगदी वर कोणताच लावू नये. याहून वजनदार आक्षेप असा की सगळे एका पॅनेलवर ठेवले आणि तेच जळाले, तर घर उघडे पडते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून पॅनेलखेरीज पॅसेजमध्ये एक स्वतंत्र, बॅटरीवरचा अलार्म असावाच. खर्च थोडा वाढतो, पण जीव वाचवण्याची भिस्त एकाच सर्किट बोर्डावर ठेवण्यापेक्षा तो परवडतो. इमारतीच्या आग-यंत्रणेला मात्र घरचा वायरमन हात लावणार नाही हे पाहावे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली तिची तपासणी परवानाधारक एजन्सीकडून होते आणि दर जानेवारी-जुलैमध्ये तसा दाखला द्यावा लागतो.

चोरासाठी केलेला बाकीचा बंदोबस्तही इथे पुन्हा तपासावा लागतो. खिडकीला न उघडणारे बॉक्स ग्रिल, सेफ्टी दरवाजाला आतून कुलूप आणि किल्ली उशाखालच्या ड्रॉवरमध्ये, अशा घरात डिटेक्टरने मिळवून दिलेली मिनिटे किल्ली शोधण्यातच जातात. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीला पहाटे तीनच्या सुमारास आग लागली. ती लागली खाली पार्किंगमध्ये, पण धूर वर चढला. अशा वेळी जिन्याने पळणे घातक ठरू शकते. दाराच्या फटीत ओले कापड कोंबून खिडकीपाशी थांबावे लागते, आणि मग ग्रिलमध्ये बिजागरीची, आतून किल्लीशिवाय उघडणारी चौकट आहे की नाही याला महत्त्व येते.

पैसे चुकते करण्याआधी बसवणाऱ्याकडून एवढे करून घ्यावे: अलार्म ‘बंद’ ठेवून आणि मेन स्विच पाडून एका डिटेक्टरवर चाचणीचा स्प्रे मारायला लावावा, तीन ठोक्यांचा आवाज यावा आणि वॉचमनच्या केबिनमधला फोन वाजावा. मग शेवटच्या डिटेक्टरची एक तार सोडवायला सांगावी. पॅनेलने बिघाड दाखवला नाही, तर रेझिस्टर चुकीच्या जागी आहे आणि काम अजून पुरे झालेले नाही. डिटेक्टरवर छापलेली तारीखही त्याच वेळी वहीत लिहून ठेवावी, कारण दहा वर्षांनी तो बदलायचा असतो.