ठरवलेले वेळेवर का होत नाही?

चार दिवसांत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपवू, असे आपण ठरवतो आणि आठ दिवस लागतात. मग चिडचिड होते, स्वतःला आळशी म्हणून आपण आणखी खट्टू होतो. खरे तर बहुधा अंदाजच चुकलेला असतो.

डॅनियल कानमन व आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. कॅनडात पदवीसाठी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. सगळे बिनसले तरी ४९ दिवस पुरतील, असे त्यांना वाटले होते!

असे का होते? अंदाज बांधताना आपण पुढच्या कामाचेच चित्र रंगवतो. मागच्या खेपेचे आजारपण, पाहुणे, गेलेली वीज यांना अपवाद समजून सोडून देतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहू. प्रत्येकाने गृहपाठाआधी आपला अंदाज आणि नंतर लागलेला वेळ वहीत लिहावा. आठवड्याने दोन्ही रकाने ताडून पाहावेत. पुढचा अंदाज दुसऱ्या रकान्यावरून करावा. स्वतःला मठ्ठ समजून खचलेल्या मुलाला मग कळेल, की त्याने कामाला वेळच कमी दिला होता.