अन्नशास्त्र आणि आमच्या मुली

मुंबई-आग्रा रस्त्यावरील सोनगीर हें गांव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीं खानदेशांत प्रसिद्ध आहे. कल्हई नसलेल्या भांड्यांत ताक अथवा चिंचेचें सार ठेवूं नये, हें आमच्या आजीबाईंस पक्कें ठाऊक. परंतु आंबटाच्या योगानें तांबें विरघळून अन्नांत उतरतें, हें त्याचें कारण सांगतें तें अन्नशास्त्र. 'स्वयंपाक शिकावयास कॉलेज कशाला?' असें विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमचें हेंच उत्तर आहे.

कै. कमलाबाई सोहोनी यांस १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेनें स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला. त्यांनीं तो आग्रहानें मिळविला, १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट संपादिली आणि पुढें नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलें.

आज मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांत हा विषय पदवीस व त्यापुढेंहि शिकवितात. रुग्णालयांत आहारतज्ज्ञ, कारखान्यांत अन्नपरीक्षक, सरकारी खात्यांत अन्नसुरक्षा अधिकारी, असे मार्ग त्यांतून निघतात. मात्र बारावीपर्यंत रसायन व जीवशास्त्र सोडूं नये.

घरांत कोणास मधुमेह जडला कीं 'गोड बंद' एवढेंच पथ्य आपण जाणतों. भात किती, डाळ किती, हें सांगणारें माणूस नसतें. तें माणूस आपल्याच घरची लेक होऊं पाहील, तर तिला अडवूं नये, एवढीच आमची विनंती.