सर्व्हर आज्ञावलींचा स्वयंप्रारंभ

संगणकाचा वीजपुरवठा सुरू झाल्यावर, कोणीही कळफलकावरून आज्ञा न देता, एखादी सर्व्हर आज्ञावली आपोआप कार्यान्वित होण्याच्या योजनेस स्वयंप्रारंभ म्हणतात. नेटवर्कवरून येणाऱ्या मागण्यांची वाट पाहत सतत चालू राहणारी आज्ञावली म्हणजे सर्व्हर आज्ञावली होय, उदा., वेबपृष्ठे पुरविणारी, ई-टपाल पोहोचविणारी किंवा डेटाबेस सांभाळणारी आज्ञावली. रुग्णालयातील नोंदी, बँकेतील खाती व रेल्वेचे आरक्षण अशा आज्ञावलींवर अवलंबून असते. मध्यरात्री वीज जाऊन परत आल्यावर संगणक चालू झाला, परंतु आज्ञावली चालू झाली नाही, तर वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो संगणक बंदच असतो. तथापि आज्ञावली नुसती सुरू होणे पुरेसे नसते; तिला लागणारी साधने तयार असताना आणि योग्य क्रमाने ती सुरू व्हावी लागते. अवेळी झालेला प्रारंभ काही वेळा प्रारंभच न होण्यापेक्षा अधिक घातक ठरतो.

आरंभक्रम : वीज जाताच संगणकाची मुख्य स्मृती रिकामी होते. त्यामुळे वीज येताच मदरबोर्डवरील कायम स्मृतीत साठविलेली बायॉस किंवा यूईएफआय ही आज्ञावली प्रथम चालते. ती यंत्रसामग्री तपासून डिस्कवरील बूट लोडरकडे सूत्रे देते व बूट लोडर परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. युनिक्स वळणाच्या प्रणालींत कर्नल वापराच्या कामांसाठी सुरुवातीस एकच प्रक्रिया सुरू करतो. तिचा क्रमांक 1 असून तिला परंपरेने ‘इनिट’ म्हणतात. पुढील सर्व सेवा तिच्या वंशज असतात. पार्श्वभूमीवर अखंड चालणाऱ्या अशा सेवेस ‘डीमन’ ही संज्ञा आहे.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1969 मध्ये केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सची निर्मिती सुरू केली. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत इनिट ही प्रक्रिया ‘आरसी’ नावाच्या फाइलमधील आज्ञा ओळीने पार पाडीत असे. एटी अँड टी कंपनीच्या 1983 मधील सिस्टिम व्ही या आवृत्तीच्या परंपरेत प्रत्येक सेवेसाठी वेगळी फाइल व तिच्या नावात क्रमदर्शक अंक ही पद्धत रूढ झाली. तीत सेवा एकापाठोपाठ एक सुरू होत. एक अडली की पुढच्या खोळंबत. या मर्यादेवर उपाय म्हणून ॲपलची लाँचडी (2005), उबुंटूची अपस्टार्ट (2006) व लिनक्ससाठी लेनार्ट पटरिंग आणि के सीव्हर्स यांनी रचलेली सिस्टिमडी (2010) या व्यवस्था आल्या. सिस्टिमडी फेडोरा वितरणाने 2011 मध्ये व डेबियनने 2015 मध्ये मूलभूत व्यवस्था म्हणून स्वीकारली. विंडोज एनटी (1993) व तिच्या पुढील आवृत्त्यांत हेच काम सेवा-नियंत्रक करतो.

योजना : सिस्टिमडीमध्ये प्रत्येक सेवेचे वर्णन एका लहान फाइलमध्ये लिहितात. तिचे सामान्यतः तीन भाग असतात. ‘युनिट’ या भागात सेवेचा इतर सेवांशी संबंध, ‘सर्व्हिस’मध्ये चालवावयाची आज्ञा व ती कोणत्या वापरकर्त्याच्या नावे चालवावी हे, तर ‘इन्स्टॉल’मध्ये सेवा आरंभक्रमाच्या कोणत्या टप्प्याशी जोडावी हे नमूद असते. येथे दोन भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ‘आफ्टर’ हा निर्देश फक्त क्रम ठरवितो. दुसरी सेवा हवीच, हे ‘रिक्वायर्स’ने सांगावे लागते. तसेच ‘स्टार्ट’ या आज्ञेने सेवा त्या वेळेपुरती सुरू होते, तर ‘एनेबल’ने ती पुढील प्रत्येक आरंभासाठी नोंदविली जाते. केवळ पहिली आज्ञा दिलेली सेवा अनेक महिने सुरळीत चालते आणि तिच्यातील उणीव पहिल्या वीजखंडानंतरच उघडकीस येते.

धोके : हाताने चालविल्यावर उत्तम चालणारी आज्ञावली आरंभकाळी बंद पडण्याचे कारण बहुधा परिस्थितीतील फरक हे असते. त्या वेळी वापरकर्त्याने स्वतःसाठी ठरविलेले फाइलमार्ग उपलब्ध नसतात, नेटवर्कला पत्ता मिळालेला नसतो किंवा डिस्क जोडलेली नसते. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस आज्ञावलीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तिची माहिती वेगळ्या डिस्कवर असेल आणि ती डिस्क जोडली जाण्यास विलंब झाला, तर डिस्क जोडण्याची जागा रिकामी दिसते. रिकामी जागा आढळल्यास नवा डेटाबेस निर्माण करावा, अशी सूचना आरंभ-फाइलमध्ये असेल, तर कोरा डेटाबेस तयार होतो. सेवा वरकरणी चालू असते, पण जुन्या नोंदी दिसत नाहीत आणि नव्या नोंदी भलत्या ठिकाणी साठतात. म्हणून डिस्क जोडण्याच्या जागीच माहिती न ठेवता तिच्या आत उपनिर्देशिका करून तीत ठेवावी, असा सल्ला या आज्ञावलीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत दिलेला आहे. डिस्क नसेल, तर ती उपनिर्देशिकाही सापडत नाही व आज्ञावली थांबते. सिस्टिमडीतील ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ या निर्देशाने डिस्क जोडली जाईपर्यंत सेवा रोखून धरता येते.

अधिकार व पुनःप्रारंभ : आरंभकाळी सेवा सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावे चालविणे सोपे असले, तरी तिच्यातील एखाद्या दोषाचा फायदा घेणाऱ्याच्या हाती त्यामुळे संपूर्ण संगणक जातो, म्हणून सेवेसाठी मर्यादित अधिकारांचा वेगळा वापरकर्ता ठेवतात. सेवा बंद पडल्यास ‘रीस्टार्ट’ या निर्देशाने ती पुन्हा सुरू करता येते. मात्र मूळ दोष कायम असेल, तर हे चक्र अखंड चालू राहू नये, यासाठी सिस्टिमडी सामान्यतः 10 सेकंदांत 5 प्रारंभांनंतर प्रयत्न थांबविते. त्यानंतर कारण नोंदवहीत पाहून ते मनुष्यालाच दूर करावे लागते.

कागदावरील योजना कितीही निर्दोष दिसली, तरी तिची खरी परीक्षा संगणक प्रत्यक्ष बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच होते. ही परीक्षा सोयीच्या वेळी, जाणकार मनुष्य उपस्थित असताना घेणे इष्ट असते. अन्यथा ती पुढील वीजखंडाच्या वेळी, कोणीही जवळ नसताना होते.