ऊन बाहेर, उजेड आत

मंडळी, वैशाखातली दुपार डोळ्यांपुढे आणा. गावच्या चौकातले किराणा दुकान. वर नुसता पत्रा, तोंड पश्चिमेला, पुढे लोखंडी शटर. भर दिवसा आत चार ट्यूब जळताहेत, पंखा गरम वारा फेकतो आहे, कोपऱ्यात शीतपेटी एकसारखी घुरघुरते आहे. गूळ पाझरतो, चॉकलेट कागदाला चिकटते, आणि मालक दहा-दहा तास त्या भट्टीत बसतो. महिनाअखेर विजेचे बिल आले की म्हणतो, "सगळा नफा विजेनेच खाल्ला!"

पण दोष विजेचा आहे का? दुकान बांधतानाच ऊन आत घेतले आणि उजेड बाहेर ठेवला, त्याची ही भरपाई आहे. निसर्गाला जपणारे दुकान म्हटले की महागडी यंत्रे डोळ्यांपुढे येतात. खरे काम मात्र छपरापासून सुरू होते.

आधी उन्हाचे पाहू. जुनी दुकाने आठवा. पुढे ओटा, त्यावर पडवी, मातीच्या जाड भिंती, वर कौले. पडवीमुळे ऊन भिंतीपर्यंत पोचत नसे, जाड भिंत सावकाश तापे, आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. पत्रा तसा नाही. तो झटकन तापतो आणि ती धग खाली फेकतो. म्हणून काही पत्रा उपटून टाकायला नको. पत्र्याला पांढरा रंग द्या. स्लॅब असेल तर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात मारा. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत करा, मध्ये वीतभर पोकळी ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट द्या. पश्चिमेला पडवी काढा. उतरते ऊन पडवीखालूनही आत शिरते, त्यासाठी बांबूचा पडदा सोडा.

पांढऱ्या रंगाने असा काय फरक पडणार, असे कोणी म्हणेल. गुरुजी, हे तुम्ही शाळेतच दाखवा. सारखे दोन डबे घ्या, एक बाहेरून पांढरा रंगवा, दुसरा काळा. दोन्हींत सारखेच पाणी भरून झाकणे लावा आणि तासभर उन्हात ठेवा. मग तापमापक बुडवून मुलांनाच आकडे वाचू द्या. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा ते पिऊन घेतो. मुलांनी हे एकदा स्वतः वाचले की घरी जाऊन तीच सांगतील.

आता उजेड. २० वॅटच्या चार ट्यूब दिवसा आठ तास जळल्या, तर वर्षातल्या ३०० दिवसांत १९२ युनिट वीज जाते. आणि तीही सूर्य डोक्यावर असताना! कौलारू छपरात काचेची दोन-चार कौले, पत्र्याच्या छपरात उजेड देणारा एखादा पत्रा बसवला, तर यातली बरीच वीज वाचते. ती जागा उत्तरेच्या उतारावर निवडा. आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य थेट माथ्यावर येतो, म्हणून खालीही माल ठेवू नका, येण्याजाण्याची वाट ठेवा. तेलावर ऊन पडले तर ते खवट होते. आणि फार कौले लावू नका, नाहीतर उजेडाबरोबर ऊनही आत यायचे.

मोठ्या दुकानदारांनाही हा अनुभव आला आहे. १९९३ साली अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, वॉलमार्टने निसर्गाला जपणारे म्हणून एक दुकान उघडले. खर्च आवरण्यासाठी छपरातल्या उजेडाच्या खिडक्या निम्म्याच भागावर बसवल्या. पुढे विक्रीचे आकडे पाहिले, तर उजेडाखालच्या विभागांत विक्री अधिक. एका दुकानावरून नियम बांधता येत नाही. पण उजेडाने धंदा बुडत नाही, एवढे तरी कळले.

राहिली शीतपेटी. जुन्या मंडळींनी मोट पाहिली आहे. मोट पाणी तयार करत नाही, खालचे वर काढते. शीतपेटीही तशीच. ती थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकते. दुकान जितके तापलेले, तितकी ही विहीर खोल, आणि उपसा जड. म्हणून पेटी उन्हात ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका. तिची उष्णता बाहेर पडायला जागा हवी. थंड हवा जड असते. उभ्या कपाटाचे दार उघडले की ती खाली सांडते. वरून झाकण असलेल्या पेटीत ती तळाशी राहते. वीज गेली तरी अशी पेटी बराच वेळ गार राहते, मात्र झाकण सारखे उघडू नये.

तेव्हा, जुने दुकान पाडून नवे बांधायचा बेत असेल, तर नकाशा काढण्याआधी एक दिवस त्या जागेवर सकाळ, दुपार, संध्याकाळ उभे राहा. ऊन कुठून येते, वारा कुठून येतो ते पाहा. मग गवंड्याला बोलवा. जे ऊन आत आलेच नाही, ते बाहेर काढायला पैसे पडत नाहीत.