आचारी, फिरता विक्रेता, शेतकरी... आणि जाहिरातींचा बादशहा!

वय ३७ वर्षं. ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडलेलं. आचारी, दारोदार फिरणारा विक्रेता, शेतकरी असे नाना उद्योग करून झालेले. जाहिरातीच्या धंद्यातला अनुभव म्हणाल, तर नावापुरता! अशा माणसाला कोणती जाहिरात संस्था नोकरी देईल? डेव्हिड ओगिल्व्ही यांनी हा प्रश्नच निकालात काढला. १९४८ साली लंडनहून पाठबळ मिळवून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचीच संस्था थाटली.

कुत्र्यांसाठी स्वयंपाक

ओगिल्व्ही यांचा जन्म १९११ सालचा, इंग्लंडमधला. शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले खरे, पण अभ्यासात मन रमेना. १९३१ मध्ये पदवी न घेताच ते बाहेर पडले आणि थेट पोहोचले पॅरिसच्या मॅजेस्टिक हॉटेलच्या भटारखान्यात!

तिथलं पहिलं काम ऐकून हसूच येईल. पाहुण्यांच्या लाडक्या कुत्र्यांसाठी गरमागरम जेवण रांधायचं! मग बढती मिळाली, ती अंड्यातला पांढरा बलक फेटण्याच्या कामावर. मुख्य आचारी महाकडक. कौतुकाचा शब्द त्याच्या तोंडून क्वचितच निघे. पण निघाला की हाताखालचा माणूस हरखून जाई. पुढे स्वतःची संस्था चालवताना ओगिल्व्ही यांनी याच भटारखान्याची शिस्त डोळ्यांपुढे ठेवली.

शेगडी विकता विकता

पॅरिसहून परतल्यावर ते स्कॉटलंडमध्ये ‘आगा’ शेगड्या विकू लागले. ओतीव लोखंडाची ही शेगडी महागडी. दार उघडणारी प्रत्येक व्यक्ती वेगळी. स्वयंपाकिणीशी काय बोलायचं, घरधन्याला काय पटवायचं, डॉक्टरला काय सांगायचं, हे ते अनुभवातून शिकले. कंपनीच्या सांगण्यावरून १९३५ मध्ये त्यांनी इतर विक्रेत्यांसाठी ते सारं एका पुस्तिकेत उतरवलं. जाहिरात लेखनाचा खरा श्रीगणेशा झाला, तो असा!

१९३८ मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथे गॅलप यांच्या संस्थेत लोकांच्या आवडीनिवडी तपासण्याचं काम केलं, महायुद्धात ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी राबले आणि नंतर पेनसिल्व्हेनियात चक्क शेती केली. ती काही जमली नाही.

वरवर पाहता सारी उमेदीची वर्षं वाया गेली होती. पण जाहिरात लिहायला बसल्यावर यातलं काहीच फुकट गेलं नाही. १९५१ मध्ये एका शर्टाच्या जाहिरातीत त्यांनी पुरुषाच्या डोळ्यावर काळी पट्टी बांधली. हा कोण, याचं काय झालं, अशा कुतूहलानं लोक थबकले आणि एक छोटी कंपनी नावारूपाला आली. रोल्स-रॉईस मोटारीची जाहिरात लिहिण्याआधी ते तीन आठवडे केवळ त्या गाडीविषयी वाचत होते. गिऱ्हाईक असलेली गृहिणी म्हणजे आपलीच पत्नी, तिला बावळट समजू नका, असं ते बजावत. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहिलेल्या माणसालाच हे सुचणार!

१९९९ मध्ये ओगिल्व्ही गेले. त्यांच्याच संस्थेच्या भारतीय शाखेत १९८२ मध्ये राजस्थानकडून रणजी क्रिकेट खेळलेला आणि चहाची चव पारखण्याची नोकरी केलेला एक तरुण दाखल झाला होता. फेव्हिकॉलच्या जाहिरातींनी घराघरांत हशा पिकवणारे पीयूष पांडे ते हेच! २०२५ मध्ये त्यांचंही निधन झालं.

मुलगा एका नोकरीत टिकत नाही, म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या आईवडिलांनी या दोघांची आठवण ठेवायला हरकत नाही. मात्र एक अट आहे. प्रत्येक काम, मग ते कुत्र्याचं जेवण रांधण्याचं का असेना, जीव ओतून करायला हवं!