अंगावरची आणि भिंतीतली

पोळ्याला बैल धुताना कानाआड किंवा शेपटीखाली बोटाला काहीतरी गुळगुळीत लागतं. तट्ट फुगलेली गोचीड! दिसते हुबेहूब एरंडीच्या बीसारखी. हे साम्य फार जुनं आहे: एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीडच.

मराठवाड्यातल्या फुलंब्री-कन्नडकडच्या एखाद्या गोठ्यात एकाच गाईवर दोन जातींच्या गोचिडी सापडू शकतात. पोटावरून ओळखायला जाल तर फसाल. रक्त पिऊन फुगल्यावर साऱ्या सारख्याच. भिंगातून तोंड आणि पाय बघा. तोंड आखूड, पाय फिकट, एकरंगी, तर ती ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. तोंड लांब, पुढे आलेलं, आणि पायांत तोडे घातल्यासारखे पांढुरके पट्टे, तर ती हायलोमा.

मायक्रोप्लस गवताच्या टोकावरून सहा पायांचं पिल्लू असताना गाईवर चढते. तिथेच कात टाकते, आठ पायांची होते, तिथेच नराशी जुगते. साधारण तीन आठवड्यांनी मादी खाली पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. तिच्या आयुष्यात गाय एकच.

मग लाल लघवीच्या रोगाचा जंतू, म्हणजे बबेसिया, दुसऱ्या गाईपर्यंत पोचतो कसा? अंड्यांतून! आईने प्यालेल्या रक्तातला जंतू पिल्लांत उतरतो आणि ती नव्या गाईवर चढतात. मला हे वाचल्यापासून गोचिडीकडे किळसेने बघताच येत नाही. मायक्रोप्लसच्या सख्ख्या बहिणीवर, अमेरिकेत, थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी हे १८९३ मध्ये दाखवलं. रोनाल्ड रॉसना डासात मलेरियाचा जंतू सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी, सिकंदराबादेत.

हायलोमा ॲनाटोलिकमची तऱ्हा उलटी. ती सहसा पोट भरलं की उतरते, कात टाकायला दगडी भिंतीच्या सांदीत शिरते, आणि पुन्हा चढते ती गाय वेगळीही असू शकते. ती पसरवते त्या थायलेरिया तापाचा जंतू अंड्यांतून जात नाही. कात टाकण्याआधी घेतलेला, कात टाकल्यावर दुसऱ्या जनावरात उतरतो. संकरित गाई त्या तापाने फार लवकर खचतात.

म्हणून पायांत पट्टे दिसले, की गाईवरून नजर काढून गोठ्याच्या भिंतीकडे वळवायची. दगडांच्या फटींत नखाएवढ्या सावल्या हलताना दिसतात.