पाण्याचे चार थेंब

एकाच कारखान्यात, केवळ मोड आणून वाळवलेल्या सातूपासून तांब्याच्या भट्टीत गाळलेल्या आणि ओकच्या पिंपात मुरवलेल्या व्हिस्कीला ‘सिंगल माल्ट’ म्हणतात. गोव्यातील ‘पॉल जॉन’ याच जातीची असून, तेथील उष्म्यामुळे पिंपातून दरवर्षी सुमारे ८ टक्के, म्हणजे स्कॉटलंडच्या जवळपास चौपट, मद्य उडून जाते व उरलेले लवकर मुरते. तिचा आस्वाद मुख्यतः नाकाने घ्यायचा असतो. त्यामुळे एखाद्या घरी ती बर्फात बुडवली जाते, तेव्हा गारव्याने गंधकण उडेनासे होतात आणि पिंपातली सारी वर्षे वाया जातात. साध्या पाण्याचे चार थेंब मात्र उपकारक ठरतात, कारण धुरकट वास देणारे ग्वायकॉलचे रेणू मद्यार्काचे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असताना पृष्ठभागाशी जमतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवले.